७३७-२०० मधून कॅनडाच्या उत्तरेला जायचंय, कोणी गेलंय का?

पंचवटीकर_६०

मंडळी नमस्कार. विषय जरा वेगळा आहे, घरात यावरनं आठवडाभर वाद चालू आहे म्हणून शेवटी इथे टाकतोय.

मी नाशिकचा, मार्चमध्ये रिटायर झालो. मुलगी-जावई मॉन्ट्रियलला असतात, जूनमध्ये आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी जातोय, व्हिसा आलाय. आता मला विमानांचं वेड लहानपणापासून, ओझरचं मिग डोक्यावरून गेलं की वर्गातून खिडकीकडे पळायचो आणि मग सरांचा डस्टर खायचो. पण स्वतः विमानात बसायला ८७ साल उजाडलं, ऑफिसच्या कामाने मुंबई-औरंगाबाद, इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७-२००. पंखाखाली चिकटवलेल्या लांब नळकांड्यासारखी इंजिनं, टेकऑफला कानात दडे बसतील असा आवाज, आणि हातात लिमलेटची गोळी. ती गोळी कागदासकट खिशात घालून घरी आणली होती.

तर परवा व्हिडिओ कॉलवर जावई सहज बोलून गेला की बाबा, ते तुमचं ७३७-२०० इथे क्यूबेकच्या उत्तरेला अजून पॅसेंजर घेऊन उडतं, तेही खडीच्या धावपट्टीवर. डांबर नाही काँक्रीट नाही, नुसती दाबलेली खडी. झालं, माझी झोप उडाली.

बायकोचं म्हणणं असं की "जे विमान आपल्याकडे कधीच भंगारात गेलं त्यात बसायला तुम्ही पैसे भरणार?" आणि तिचं माहेर औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर), ९३ च्या एप्रिलमध्ये तिथे जो अपघात झाला, कापसाच्या गठाणींच्या ट्रकला विमान धडकलं, ५५ माणसं गेली, ते विमान ७३७-२०० च होतं. तिच्या माहेरच्या गल्लीतली माणसं बघायला पळाली होती. त्यामुळे तिला काही बोलायची सोय नाही.

मला विचारायचंय असं की कोणी खरंच बसलंय का त्यात, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं विमान सेफ असतं का, खडीवर जेट उतरतंच कसं, आणि नुसतं विमानासाठी तिकडे जाणं हा वेडेपणा आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरी मिळालेलं आहे, तरी.

चिवडा_पार्सल

काका, आपली लाल परी खडीवरच चालते की, तिला कोणी व्हिंटेज म्हणत नाही. सुरगाण्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसा, तोच अनुभव, हाफ तिकिटात.

(गंमत केली हो, राग नका मानू. धागा वाचतोय.)

एकलहरेची_लेक

काका, मी बसलेय! जाताना-येताना दोन्ही वेळा. मी मॉन्ट्रियललाच असते, हॉस्पिटलची मशिन्स बसवायचं काम, काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये पुविर्निटुकला जावं लागलं होतं. हे गाव हडसन बेच्या काठावर, मॉन्ट्रियलपासून सरळ उत्तरेला साधारण सोळाशे किलोमीटर. लोकवस्ती दोन हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडचं एक मध्यम खेडं. त्या सगळ्या भागाला नुनाविक म्हणतात, अशी चौदा गावं आहेत आणि दक्षिणेकडून एकाही गावाला रस्ता नाही, या गावातून त्या गावात जायलाही नाही. उन्हाळ्यात बर्फ फुटला की जहाज येतं, बाकी वर्षभर जे काय ते विमान.

आता विमानाबद्दल. तुम्ही पुढच्या दाराने चढायचं डोक्यात ठेवून जाल आणि तिथे मागच्या जिन्याने चढवतील, कारण पुढच्या अर्ध्या भागात माणसं नसतातच, माल असतो. कॉम्बी म्हणतात त्याला. डाव्या बाजूला पुढे एक मोठ्ठं दार वरच्या दिशेने उघडतं, त्यातनं पॅलेट आत ढकलतात. मध्ये एक भिंत, ती मागे-पुढे सरकवता येते, माल जास्त असेल तर सीटा कमी. मी टर्मिनलच्या काचेतून बघत होते, डायपरचे खोके गेले, मग कांद्याची पोती (मला उगाच लासलगाव आठवलं), टायर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली स्नोमोबाइल, आणि सगळ्यात शेवटी पिंजऱ्यातला एक कुत्रा, तो अख्ख्या प्रवासात भिंतीपलीकडून अधूनमधून एकदाच भुंकायचा, म्हणजे बस, मी आहे इथे एवढं सांगायला. आत बसल्यावर सीटच्या हातावर बघा, माझ्या सीटला सिगारेटची राखदाणी होती, झाकण अजून टकटक उघडत होतं.

वाटेत ला ग्रांदला थांबलो. काका ही जागा मला विमानापेक्षा जास्त लक्षात राहिली. तिथे रोबेर-बुरासा म्हणून जलविद्युत केंद्र आहे, जमिनीच्या पोटात खोदलेलं, ५६१६ मेगावॅट. माझे बाबा नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या थर्मल पॉवर स्टेशनला होते, तिथले २१० चे तीन सेट मिळून ६३०, म्हणजे जवळपास नऊ एकलहरे एका ठिकाणी. मी लगेच बाबांना मेसेज केला, त्यांचा रिप्लाय "कोळशाची राख नाही ना?" आणि मग पुढे पुविर्निटुकला उतरले तर गावात वीज कशावर? डिझेल जनरेटरवर. तेही डिझेल उन्हाळ्यात जहाजाने आणून टाकीत भरून ठेवायचं. वाटेत नऊ एकलहरे आणि टोकाला धगधग करणारा जनरेटर. लाइनच नेलेली नाही तिथपर्यंत.

लँडिंग. वरून बघितलं तर झाडं कधीच संपलेली, सगळं करडं-पांढरं, तळ्यांच्या ठिपक्यांनी भरलेलं. चाकं टेकली तेव्हा आपटलं वगैरे काही नाही, पण पायाखालून असा आवाज आला की आईने सुपात ज्वारी पाखडायला घेतलीये. सर्रर्र, मधेच टक, टक. मग मागे इंजिनाच्या शेपटाची ती दोन झाकणं उघडली आणि जो काय गडगडाट, पण थोडाच वेळ, लगेच मिटली. शेजारच्या आजी विणकाम करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

उतरल्यावर उणे बावीस. निफाडला पारा पाचवर आला की आपल्या पेपरात शेकोटीचा फोटो येतो, त्याची आठवण येऊन मला हसू आलं, मग हसताना दात गार पडले.

ओझर_टाउनशिप

पंचवटीकर साहेब, मी ओझरच्या ११ बीआरडीला (हवाई दलाचा विमानदुरुस्ती डेपो) नोकरी केली, मिग-२९ च्या ओव्हरहॉलवर, त्यामुळे तुमच्या मधल्या दोन प्रश्नांवर मी बोलू शकतो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

जेट इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जमिनीवरची बारकी वस्तू. एफओडी म्हणतो आम्ही. रोज सकाळी रांगेत उभं राहून टारमॅक वेचत जायचो, एक वॉशर, एक खिळा, पेनचं टोपण, काहीही. एक खडा कॉम्प्रेसरच्या पात्यावर बसला की पातं दातरतं आणि एक पातं सुटलं की मागची सगळी घेऊन जातं. रशियन लोकांनी यावर आपापली शक्कल लढवली, मिग-२९ जमिनीवर असताना पुढचं तोंड झाकण लावून बंदच करतं आणि पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी आहेत त्यातनं हवा घेतं. सुखोई-३० ला आत जाळी आहे, चाक वर गेलं की ती आडवी होते.

बोइंगने ७३७-२०० साठी जे केलं त्याला ग्रॅव्हल किट म्हणतात, १९६९ पासून मिळायला लागलं. तुम्ही गेलात तर विमानात चढायच्या आधी हे बघाच. पुढच्या चाकाला एक रुंद पट्टी दिसेल, स्कीसारखी किंवा आपल्या ट्रकच्या मडगार्डसारखी आडवी धरलेली. चाकाने उडवलेला खडा पोटाला किंवा इंजिनाकडे जाऊ नये म्हणून. चाक आत घेताना ती फिरून नाकाखाली बसते. मागच्या चाकांनाही छोटी पट्टी असते. आणि दुसरी गोष्ट जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, प्रत्येक इंजिनाच्या तोंडाखालून एक बारीक नळी पुढे आलेली असते, चोचीसारखी. इंजिन जोरात हवा ओढतं तेव्हा जमिनीपासून तोंडापर्यंत एक भोवरा तयार होतो, धुळीच्या वावटळीसारखा, तो खडे उचलतो. त्या नळीतून इंजिनाचीच दाबाची हवा खाली फुंकतात आणि भोवरा जमू देत नाहीत. एवढं साधं. शिवाय पोटाला आणि पंखांच्या खालच्या अंगाला घासलं तरी टिकणारा रंग, खालच्या अँटेना मजबूत केलेल्या, खालचा लाल दिवा आत ओढून घेता येतो.

पायलटची पद्धत पण वेगळी. धावपट्टीच्या टोकाला ब्रेक दाबून फुल पॉवर देत नाहीत, चालता चालता पॉवर वाढवतात. आणि ताईंनी लिहिलंय ना की रिव्हर्सची (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी) झाकणं लगेच मिटली, ते त्यामुळेच, वेग कमी झाल्यावर रिव्हर्स चालू ठेवला तर उडालेली खडी पुढे येऊन स्वतःच्याच तोंडात जाईल.

मग नवीन ७३७ ला हेच किट का लावत नाहीत? कारण इंजिन. ७३७-२०० च्या जुन्या जेटी८डी इंजिनाचं तोंड जेमतेम मीटरभर, बारीक आणि लांब. ७३७-८०० च्या इंजिनाचा पंखा दीड मीटरच्या वर, आणि विमानाचे पाय तेवढेच आखूड, म्हणून त्या इंजिनाचं कव्हर खालून चपटं केलंय, एअरपोर्टवर बघा, गोल नाहीये ते. एवढं मोठं तोंड जमिनीच्या एवढं जवळ आणि खाली खडी, म्हणजे व्हॅक्युम क्लीनरच झाला. बोइंगने पुढच्या मॉडेलना हे किट दिलंच नाही.

"डांबरच का नाही टाकत" हा पुढचा प्रश्न येणारच. तिथली जमीन खाली कायमची गोठलेली. वर काळं डांबर टाकलं की ऊन शोषतं, खालचा बर्फ सुटतो, धावपट्टी खचते. कॅनडाच्या उत्तरेतल्याच इकालुइटला डांबरी धावपट्टी आहे तर तिथे हा त्रास झालेला आहे. खडी खचली की ग्रेडर फिरवा, पुन्हा सपाट.

आता वय. विमानाचं वय वर्षात मोजायचं नसतं, किती वेळा वर गेलं आणि खाली आलं त्यात मोजायचं, सायकल म्हणतात. प्रत्येक वेळी वर गेलं की केबिन फुगते, खाली आलं की बसते, सायकलच्या ट्यूबसारखं. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७-२०० चं छत हवेत उडालं, पुढच्या भागाचं अख्खं टपच गेलं, एक एअरहोस्टेस गेली, पायलटनी तरीही उतरवलं. ते विमान फक्त १९ वर्षांचं होतं. पण सायकल ८९,६८० झाल्या होत्या, बेटाबेटांमधल्या वीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्या आणि वर समुद्राची खारी हवा. त्या अपघातानंतरच जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले. म्हणजे १९ वर्षांचं धोकादायक असू शकतं आणि ४५ वर्षांचं ठणठणीत. ओव्हरहॉलला विमान येतं तेव्हा आम्ही कातडं काढून हाडं मोजतो हो, रिव्हेट रिव्हेट.

वहिनींच्या औरंगाबादबद्दल, तो अपघात विमानाच्या वयाने झाला नव्हता. नाक उशिरा उचललं, आणि धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर नेमका त्या क्षणी ट्रक. त्यांना सांगा की भीती चुकीची नाही, फक्त विमानाच्या मॉडेलवर काढू नका.

एकलहरेची_लेक

ओझर काका +१. फक्त एक भर घालते, लपवून ठेवण्यात अर्थ नाही म्हणून. उत्तरेतही अपघात झालाय, २०११ च्या ऑगस्टमध्ये रेझोल्यूट बे इथे फर्स्ट एअरचं ७३७-२०० कॉम्बी टेकडीला धडकलं, पंधरापैकी तिघं वाचले. तिथेही विमान म्हातारं म्हणून नाही, ढगातून उतरताना मार्गापासून सरकलेलं आणि लक्षात आलं नाही. तिकडे धोका हवामानाचा आहे. जूनमध्ये खाडीत अजून बर्फ असतो आणि वरची हवा उबदार, मग धुकं येतं आणि बसून राहतं. परतीच्या तिकिटानंतर निदान तीन-चार दिवस मोकळे ठेवा, मुंबईची फ्लाइट लगेच दुसऱ्या दिवशी ठेवू नका.

खरं_बोलतो_माफ_करा

इतक्या छान धाग्यात मिठाचा खडा टाकतोय, पण कोणीतरी टाकायला हवा.

काका, तुम्ही ज्याला व्हिंटेज म्हणताय ती तिकडच्या माणसांची ॲम्ब्युलन्स आहे. मोठं ऑपरेशन असेल तर पेशंट त्याच विमानाने मॉन्ट्रियलला येतो. दूध, भाजी, औषध त्यातच. आणि आपण राखदाणीचा फोटो काढायला सीट अडवायची. उद्या कोणी परदेशातला माणूस पेठ तालुक्यातल्या पाड्यावर जीपच्या टपावर बसायला आला आणि म्हणाला वा काय ऑथेंटिक, तर आपल्याला कसं वाटेल?

आणि त्या धरणाचं कौतुक झालं वर. ते पाणी, ती जमीन कोणाची होती? १९७५ साली जेम्स बेचा करार झाला, क्री आणि इन्युइट या तिथल्या मूळ लोकांनी हक्क सोडायचे आणि बदल्यात पैसे घ्यायचे. पुविर्निटुक गावाने त्यावर सही करायला नकार दिला होता, हे पण लिहा. त्याच्याही आधी १९५३ ला सरकारने त्याच किनाऱ्यावरच्या इनुकजुआकची कुटुंबं उचलून दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेऊन सोडली होती, माफी मागायला २०१० उजाडलं. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि काठच्या पाड्यांवर टँकर येतो, ते बघणाऱ्या नाशिककराला हे वेगळं सांगायला नको.

एकलहरेची_लेक

खरंबोलतो दादा, माफी कशाला, करारावर गावाने सही केली नाही हे मला तिथेच कळलं, आणि मी ते लिहायला हवं होतं. पण पुढचं पण ऐका ना. त्या करारानंतर इन्युइट लोकांनी मकिविक नावाची स्वतःची संस्था काढली आणि १९७८ ला त्यांची स्वतःची विमान कंपनी उभी राहिली, एअर इन्युइट. म्हणजे ती विमानं दुसऱ्या कोणाची तरी दया नाहीये, त्यांच्या मालकीची आहेत. पाड्यावरच्या जीपची उपमा म्हणून मला पूर्ण नाही पटली. ती जीप पाड्यावरच्याच माणसाची आहे आणि तो तिकीट विकतोय, असं समजा.

पेशंटच्या सीटबद्दल मात्र तुमचं बरोबर. काकांना माझा सल्ला हाच की जायचं तर विमानातून उतरून त्याच विमानाने परत नका येऊ. दोन रात्री राहा. हॉटेल बहुतेक कोऑपचं (गावच्या सहकारी संस्थेचं) असतं, फाइव्हस्टार डोक्यातून काढा, अनोळखी माणसाबरोबर खोली शेअर करावी लागू शकते, आधीच विचारून घ्या.

आणि लोकांशी बोला. मला ज्या बाईंनी घरी नेलं तिथलं सांगते. जमिनीवर पुठ्ठा अंथरलेला, त्यावर ‘आर्क्टिक चार’ नावाचा गोठलेला मासा, भोवती सगळे मांडी घालून. त्यांच्या हातात उलू म्हणजे अर्धचंद्राचं पातं आणि वर मूठ, बायकांचीच सुरी ती. दाबून अशी पुढेमागे डोलवत त्या पातळ काप काढत होत्या. मी म्हटलं आमच्याकडे विळी असते, पातं उभं राहतं आणि आपण भाजी त्याच्याकडे नेतो. मोबाइलवर फोटो दाखवला तर त्यांना हसू आवरेना, पाय लावून बसायचं म्हणे सुरीवर! त्यांच्या मुलीने विळीचं चित्र काढून फ्रिजवर लावलं. मी निघताना "नाकुर्मिक" म्हणायला शिकले, म्हणजे थँक यू, तिथे सारखं लागतं.

त्या गावातल्या दवाखान्याचं पण सांगायचं राहिलं. पूर्वी बाळंतपणासाठी बायकांना आठवडेन् आठवडे आधी विमानात घालून दक्षिणेला पाठवायचे, घरचं कोणी सोबत नाही, भाषा कळत नाही. १९८६ ला तिथे स्थानिक सुईणींना शिकवून प्रसूतिकेंद्र सुरू केलं, आता बहुतेक बाळं गावातच होतात. म्हणजे विमान लागतंच, पण प्रत्येक गोष्टीला विमान लागू नये यासाठी पण ती माणसं झटतात.

कॉलेजरोड_बजेट

मुद्द्याचं कोणीच लिहीत नाहीये, पैसे किती?

एकलहरेची_लेक

माझं कंपनीने काढलं होतं पण बिल मी बघितलं, मॉन्ट्रियल-मुंबई रिटर्नपेक्षा जास्त होतं. टाइप करताना पण कसंतरी होतंय. गावातल्या लोकांना काही सवलती असतात, पाहुण्याला नाही. दुकानात गेलात तर द्राक्षाचा भाव बघू नका, नाशिकचा माणूस आहात, त्रास होईल.

आणि काका, बुकिंग करताना विमानाचा प्रकार नीट बघा, कारण सगळ्या फेऱ्या जेटच्या नसतात, डॅश ८ पण असतं, पंख्याचं. शिवाय ७३७-८०० आणायला सुरुवात झालीये, त्यामुळे जुनं किती दिवस उडेल सांगता येत नाही, आणि विमान ऐनवेळी बदललं तर कोणी पैसे परत देणार नाही.

चिवडा_पार्सल

काका खायचं काय नेणार? चिवड्याची दोन किलोची ऑर्डर टाका, पोह्याचा, तिखट. दोन दिवस धुक्यात अडकलात तर अख्खं वेटिंग रूम तुमचं मित्र. शेव वेगळी बांधा, नाहीतर मऊ पडते.

ओझर_टाउनशिप

सीट मागची घ्या, मागे आवाज जास्त आहे पण तुम्ही त्यासाठीच चाललाय. पंखाच्या थोडं मागे खिडकी मिळाली तर रिव्हर्सची झाकणं उघडताना दिसतील. आणि उतरल्यावर परवानगी विचारून त्या पुढच्या चाकाच्या पट्टीचा फोटो काढा आणि इथे टाका. पट्टीवर खड्यांचे घाव कसे बसलेत ते मला बघायचंय, चाळीस वर्षं असले घाव मोजण्यात गेली.

पंचवटीकर_६०

सगळ्यांचे मनापासून आभार. खरंबोलतो, तुमचंही, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. राखदाणीचा फोटो काढणार नाही असं म्हणत नाही, पण दोन ऐवजी चार रात्री राहायचं ठरवलंय आणि जावयाने कोऑपच्या हॉटेलला मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. ओझर साहेब, घावांचा फोटो नक्की.

ही मात्र मोठीच बातमी. काल रात्री बायकोने चष्मा लावून हा पूर्ण धागा वाचला, मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. विमानाबद्दल चकार शब्द नाही. सकाळी चहा देताना म्हणाली, त्या बाईला विळी नेऊन द्यायची असेल तर चेक-इन बॅगेत चालेल ना, पाटाची नको, घडीची बघा भांडीबाजारात. मग थोडा वेळ थांबून विचारलं की मागच्या जिन्याला कठडा आहे का, तिच्या गुडघ्याला चढताना आधार लागतो.

एकलहरेची लेक, तेवढं सांग बाळा.

एकलहरेची_लेक

आहे काका, दोन्ही बाजूंनी. पण लोखंडी आहे आणि गार पडतो, काकूंना हातमोजे खिशात नाही, हातात घालून चढायला सांगा. विळी चेक-इनमध्ये, पातं पुठ्ठ्यात गुंडाळून.